चिनाप्पाचं नाव

जत्रेला आमच्या गावात पडदा बांधला होता
दोन बाभळींच्या मधे, वाळत घातलेल्या लुगड्यासारखा,
आणि निपाणीच्या एका तंबाखूवाल्यानं
गुंटूरहून येताना आणलेला पिक्चर लावला होता.
तेलुगू.

आमच्याकडे भांडण मराठीत, हिशेब कन्नडात,
म्हशीला हाक दोन्हीत.
तेलुगू मात्र कुणाच्या बापाला येत नव्हती.

“मला येते की,” भरमा म्हणाला.
वय वर्षं अकरा, नाक पुसायचं राहिलेलं,
मामा ट्रकवर क्लीनर, गुंटूरच्या दोन खेपा.
एवढ्या भांडवलावर
त्यानं अख्ख्या सतरंजीला अर्थ सांगायला घेतला.

पडद्यावर एक पोरगा, एक पोरगी.
आधी पेरूच्या झाडावर, चड्डी-झग्यात.
मग पेरूचं झाड तेच, आणि ही दोघं
एकदम एवढी मोठी
की फांदी मोडती का काय असं वाटावं.

“काय म्हणतोय रं?”
“म्हणतोय, तुझ्या म्हशीनं माझी कोथमीर खाल्ली.”
“मग ती लाजतीया का?”
“म्हैस तिचीच हाय न्हवं.”

शेवटाला तो नदीकाठी उभा राहिला.
बराच वेळ काही बोलेना.
मागं कुणीतरी शेंगा फोडायची थांबली.
मग तो हळू आवाजात बरंच काही बोलला
आणि त्यात आम्हाला स्वच्छ ऐकू आलं:
चिन्नप्पटी नुंची.

“चिनाप्पाचं नाव घेतोय!” भरमा ओरडला.

गिरणीवाला चिनाप्पा आमच्या पुढंच बसलेला.
भडंगाची मूठ तोंडापाशी, तशीच.
दुसऱ्या दिवसापासनं तो पीठ झटकत सांगायचा,
आंध्रापर्यंत नाव हाय आपलं.
आणि दळणाला चार आणे वाढवले.

पुढं मी नर्स झाले.
सिकंदराबाद, सहावा वॉर्ड, रात्रपाळी.
पाणी म्हणजे नीळ्ळु, दुखणं म्हणजे नोप्पी,
एवढ्यावर वर्षभर माझं भागलं.
एका पहाटे एक म्हातारा गुडघा धरून म्हणाला,
हे असंच आहे, चिन्नप्पटी नुंची.
शेजारच्या सिस्टरला विचारलं.
ती जांभई देत म्हणाली, लहानपणापासून.

मी थर्मामीटर धरून उभी.
त्यात बघत, खरं काही न वाचत.
म्हाताऱ्याला वाटलं आपलं काही खरं नाही,
त्यानं मुलाला फोन लावायला सांगितला.

आणि मला आठवत होती वेदगंगा,
माझी एक चप्पल वाहत गेलेली,
आणि भरमानं आपली एक तिच्यामागं सोडलेली.
“एकटीच कशाला जाईल? जोडी होऊ दे.”
दोघांनी एकेक पाय भाजत घर गाठलं होतं.
घरी मार मात्र दोन्ही पायांवर.

यंदा जत्रेला रजा काढून आले.
भरमा आता उसाची रोपं विकतो,
ट्रे मोजतो अजून कन्नडातच,
स्थळं बघतोय म्हणे चार वर्षं,
आणि त्याची आई म्हणते, बघायला गेला
की पोरीच्या बापाला लागणीचं सांगत बसतो.

मी त्याला नदीवर नेलं.
बराच वेळ काही बोलले नाही,
पिक्चरमधे तसंच होतं म्हणून.
मग म्हणाले, “भरमा,
मला तू, चिन्नप्पटी नुंची...”
आणि पुढचं तेलुगू येत असून येईना.

तो माझ्याकडं बघत राहिला.
कानाच्या पाळ्या तांबड्या झालेल्या.
मला वाटलं, कळलं.
“लगमे,” तो म्हणाला, “थांब हितंच,”
आणि पळत सुटला बांधावरनं,
एका पायात चप्पल, एक चिखलात रुतलेली.

मी ती उपसून धुतली.
माझी एक काढून तिच्याशेजारी ठेवली.
म्हटलं, आईला सांगायला गेला असंल.

अर्ध्या तासानं काठी टेकत
भुवयांवर पीठ घेऊन चिनाप्पा आला,
मागं भरमा, धापा टाकत, खाली मान.

“काय पोरी,” चिनाप्पा म्हणाला,
“माझ्याकडं काम होतं म्हणं?”