पान एकोणीस

डुलुथच्या कोर्टात काउंटरवर बारा डॉलर भरले
आणि माझं सातवं वर्ष
तपकिरी पाकिटातून हातात आलं.
एकतीस पानं. गंजलेली टाचणी.

डॉक्टर लिंडहोम आमच्याकडे चाळीस मिनिटं होते.
मला आठवतं, कारण ते आले तेव्हा
आईने पाव भट्टीत सारला
आणि त्यांची पाठ वळल्यावर बाहेर काढला.
अहवालात आहे : 'सविस्तर निरीक्षण'.

बाबांकडे ते गेले त्या दिवशी
बाबांनी मला गोठलेल्या सरोवरावर नेलं,
बर्फाला भोक पाडून गळ टाकायला.
त्याआधी कधी नेलं नव्हतं. त्यानंतरही.
'पिता उत्साही, सहभागी.'
मासा लागला नाही, याची नोंद नाही.

पान अकरा :
'ईरो आईच्या उपस्थितीत बोलणे टाळतो.
ओठ घट्ट मिटून घेतो.'
अहो, दात हलत होता माझा!
खालचा, पुढचा.
जिभेने ढकलत बसलो होतो,
तोंड उघडलं तर तुमच्या वहीवर पडेल
या धास्तीने गप्प.
विचारलं असतं तर दाखवला असता.

चित्रातल्या घराला मी दार काढलं नाही,
पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून.
त्या नसलेल्या दारावर दीड परिच्छेद.

आणि मग पान एकोणीस.
'ब्रिटाला वडिलांच्या घरी अधिक सुरक्षित वाटते.'
ब्रिटा कोण?
आमच्यात ब्रिटा नावाचं मांजरही नव्हतं.
समासात आईच्या वकिलाचं बारीक प्रश्नचिन्ह,
पेन्सिलीतलं, पुसट.
निकालपत्रात हेच वाक्य जसंच्या तसं,
नाव तेवढं दुरुस्त केलेलं.

अकरा वर्षं, एक रविवार सोडून एक,
मी संध्याकाळी पूल ओलांडून परत जायचो.
बाबा वाईट नव्हते. हेच सांगणं जड जातं.
डब्यात रोज तेच सँडविच,
पण रोज.

दात त्याच रात्री पडला, आईच्या गरम पावात.
ती हसली, मग उगाच सिंकजवळ जाऊन उभी राहिली.
हे एकतीस पानांत कुठे बसलं असतं
मलाही माहीत नाही.

ब्रिटा, तू आता माझ्याएवढी असशील.
तुझ्या पाकिटात बघ एकदा,
एखाद्या ओळीत चुकून मी आहे का.

काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं,
'झेरॉक्स हवी आहे का? सगळ्याची?'
म्हटलं, नको. पान एकोणीस.
दोन प्रती.