मूठभर उंच

मे महिन्यात, तेंदूची फळी उठल्यावर,
रात्री दहाच्या सुमारास
मामा तलावाच्या पाळीवर या.
दक्षिणेला तोंड करा, हात लांबवा, मूठ वळा,
आणि पलीकडच्या मोहांच्या शेंड्यांवर टेकवा.
मुठीच्या वरच्या कडेशी जो लुकलुकतो
तो मित्र.

(नाव मी ठेवलेलं नाही.
मी आश्रमशाळेत परिचर.
दुर्बीण आली तेव्हा भिंगं पुसायला मी होतो,
बघायला पाहुणे.)

"दिसून नाही रायला," कौतुकाबाई म्हणते,
डोंग्यात बसून जाळ्याची गाठ सोडवत.
"धूर किती हाये. जंगल जळून रायलं तिकडं."
मग दिसतो. मग ती बराच वेळ काही बोलत नाही.

तो एक नाही, मी सांगतो. दोन आहेत.
एकमेकांभोवती एक फेरी, ऐंशी वर्षं.
"म्हंजे आमच्या बुढ्याच्या जन्मापासून
एकच?"
एकच.
आणि तिसरा, बारका, तांबडा,
तो डोळ्यांना दिसतच नाही.
पार लांब राहतो, पण सुटलेला नाही.
"मिरची तोडाले गेल्यावानी," ती म्हणते.
हसत नाही.
तिचा फाल्गुन खम्ममकडेच राहिला,
दोन हंगाम झाले. फोन येतो.

विषय बदलावा म्हणून सांगतो :
त्या तांबड्याभोवती एक पृथ्वी फिरते,
जवळपास आपल्याएवढी.
अकरा दिवसांत तिचं वर्ष संपतं.
तिची बोटं चालू लागतात. यंदा फळी पंधरा दिवस,
सत्तर पानांचे पुडे,
"म्हंजे पानं तोडता तोडता वर्स सरलं,
वर चार दिस."
मंग मी तठी किती वर्सांची?
मोबाईलवर हिशोब करतो. अठ्ठावन्न गुणिले...
अठराशे नव्वदच्या वर.
"गुडघे तरी तेवढेच दुखत असतीन ना?"

हा उजेड, मी म्हणतो, तिथून निघाला
त्याला सव्वाचार वर्षं झाली.
"तवा फाल्गुन इथंच होता."
पाण्यावर तो तारा नीट उमटत नाही,
एक शिंगूर उसळतो आणि तेवढंही मोडतं.

त्या पृथ्वीची एक बाजू कायम उजेडात असावी,
दुसरी कायम अंधारात,
असं म्हणतात; पक्कं कुणालाच माहीत नाही.
डोंगा पाळीपासून सुटलेला असतो तोवर.
"मंग मासे अंधाराकडंच असतीन,"
पाण्यावरून आवाज येतो,
आणि जाळं पडल्याचा.