आढळले नाही

साखर पेठेच्या मागच्या गल्लीत पाणी येतं
पहाटे साडेतीनला, पाचव्या दिवशी.
मी त्याच्या आधी पोचते.
पेटीत बर्फ, तपकिरी काचेच्या बाटल्या,
लेबलावर माझं अक्षर: नळ क्रमांक, वेळ, क्लोरीन.

नियम सांगतो, आधी दोन मिनिटं नळ वाहू द्या.
नियम लिहिणाऱ्याच्या गावात रोज पाणी येत असणार.
"कशाला सांडलालाव ओ बाई?"
म्हणता म्हणताच यल्लम्मा कोंड्याल घागर सरकवते खाली,
मग कळशी, मग तेलाचा डबा.
गटारीला थेंब लागत नाही.
माझ्या घड्याळात डोकावून म्हणते, अजून थांब की.

मग बाटली. तिरकी धरायची,
काठावर पाण्याची पापणी फुगेपर्यंत भरायची,
बूच लावून उलटी करायची.
एकही बुडबुडा नको.
जे मोजायचं, तेच बुडबुड्यात शिरून निसटतं:
उजनीतला कुजका पाला आणि आमचं क्लोरीन
यांनी मिळून केलेलं काहीतरी,
नाव हातभर, वास नाही, चव नाही.

यल्लम्माचा नवरा अंबादास
तीस वर्षं रंगाच्या हौदावर.
कारखाना बंद पडला,
टॉवेलांचा तांबडा त्याच्या नखांत राहिला.
मागल्या दिवाळीत लघवी तांबडी झाली
तेव्हा म्हणाला, जुना रंग सुटतोय.

"कशानं झालं, तुझ्या बाटलीत कळंल का?"
ही आजची बाटली आहे, मी म्हणते.
"मग तेव्हाची कुठाय?"

तेव्हाच्या रजिस्टरात तीन रकाने.
रंग, गढूळपणा, जंतू.
चौथा कुणी आखलाच नव्हता.

अठरा दिवसांनी पुण्याहून कागद येतो.
आढळले नाही. आढळले नाही.
एक आकडा, मर्यादेच्या आतला.
आढळले नाही.
तळाची बारीक ओळही मी वाचून दाखवते:
यंत्राला दिसतं त्याहून कमी असेल, तर असंच लिहितात.

"म्हणजे नाहीच, असं नाही."
नाही.
"मग लिवलंय काय?"
शोधलं, एवढंच.

पुढच्या पाळीला गल्लीत तिचा दिवा आधीच लागलेला.
घागर नळाखाली. हातात अंबादासच्या औषधाची बाटली,
राखेनं घासलेली, लेबल खरवडलेलं.
"हिच्यातबी भर. तारीख टाक.
ही माझ्यापाशी राहील."

तिरकी धर, मी म्हणाले.
तिने भरली, बूच दाबलं,
आणि दिव्यासमोर उलटी करून
बराच वेळ बघत राहिली.