रजेचं कारण

खिडकीत पडलेत दोन्ही इनसोल,
वाळत घातलेल्या जिभांसारखे.
नऊ वर्षं माझं वजन चाटून
टाचेकडं काळे, बोटांकडं गुळगुळीत.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी
काचेवर उभं करून खालून पाहिलं होतं:
"कमान नाही. यांच्याशिवाय पळायचं नाही."
कमान नाही, हे मला न्हाणीघरापासून माहीत.
ओल्या पायानं शहाबादी फरशीवर आले
की आख्खा पाय उठायचा,
आणि आई म्हणायची, भाकरी थापलीस गं.

गेल्या उन्हाळ्यात चप्पल शिवायला टाकली सुभाषनगरात.
पिराजीमामांनी कागदावर पाय ठेवायला लावला,
कानावरची पेन्सिल काढून कड फिरवली,
अंगठ्यापाशी थांबले, पुन्हा फिरवली.
"पाय सपाट हाय, ताई. पर खोटा न्हाई."
एवढंच. आगाऊ पैसेही घेतले नाहीत.

तो कागद मी मागून घरी आणला.

सुरुवात रंकाळ्यावर. दोनशे पावलं,
इनसोल पिशवीत, पिशवी पाठीला,
सासूला न सांगता माहेरी निघाल्यासारखी.
रात्री पोटऱ्यांचे दगड.
पुढच्या आठवड्यात तीनशे,
दुखलं की परत दोनशे.
तळव्यांना वेळ लागला
आपलं काम आठवायला.
एकेक बोट जागं झालं,
करंगळी सगळ्यात शेवटी;
तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

आणि परवाच्या रविवारी
वाघबीळपर्यंत जाऊन परत,
तीसएक किलोमीटर, नुसत्या पायांवर.
केर्लीपाशी ट्रॉलीवरून कुणीतरी उसाचं कांडं फेकलं,
झेललं, दातानं सोलत पळाले.
शिवाजी पुलावर आले तेव्हा
तोंड गोड होतं आणि मांड्या माझ्या नव्हत्या.

अवघड ते त्याच्यानंतर.

सोमवारी जिना उलटी उतरले, कठडा धरून.
मंगळवारी पहाटे पाचला पाय आपणहून उठले
आणि मला घेऊन दारापर्यंत गेले.
समोर तालमीच्या कट्ट्यावर दस्तगीर वस्ताद,
मफलर गुंडाळून, चहाची वाट बघत.
"कुठं?"
"थोडंसंच. हलकं."
त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं.
हौद्यात लाल माती,
कालच ताक, हळद, तेल, लिंबू घातलेली,
ओल्या गोणपाटाखाली निजलेली.
"आज कुणालाच उतरू देणार न्हाई. मुराय पायजे.
कच्च्या मातीवर पडलं
की मातीबी वाया, हाडबी."

मी नाडी सोडली.

रजेच्या अर्जावर कारण लिहिलं: विश्रांती.
घोरपडेसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"आजारी आहात?"
नाही.
"घरात कार्य?"
नाही.
"मग गावाला?"
इथंच असेन, म्हटलं. झोपेन म्हणते.
बराच वेळ अर्जाकडं बघून
त्यांनी माझा शब्द खोडला
आणि सुबक अक्षरात लिहिलं: घरगुती.

घरगुती तर घरगुती.

दुपारी पंखा लावून पडते,
पाय भिंतीला वर टेकवून,
पाल माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं.
रात्री गंगावेशीत कट्ट्यावर जाते,
म्हशीच्या धारेचा फेस ओठावर घेते,
आणि रिक्षानं परत येते. रिक्षानं!
दीड किलोमीटरला.
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी रंकाळ्याच्या भिंतीवर बसून
पळणाऱ्यांचे फक्त पाय बघितले.
कोण टाच आपटतं, कोण घासतं,
एकाचा डावा बूट बाहेरून झिजलेला.
एक पोरगा जाता जाता ओरडला, "काकू, दांडी?"
सांगायला त्याला थांबवावं लागलं असतं.
जाऊ दिला.

आज अंघोळ करून फरशीवर मागं वळून पाहिलं.
आख्खी भाकरी.
कमानबिमान काही आलेली नाही.

एक इनसोल घडी करून
शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सारला.
बरोबर बसला.
दुसरा राहू दे खिडकीतच.
काही सांगता येत नाही.