सहा तास उजेड

शिवणयंत्राचं मुंडकं विकलं, लोखंडी पाय ठेवले,
त्यांवर ही टाकी. दोन फुटांची.
वसमत रोडच्या दोन खोल्यांत
बघावं असं दुसरं काही नाही.

पहिल्या वर्षी हावरटपणा केला.
नांदेडहून मोठा लाइट आणला,
दहा तास, कधी बारा.
झाडांना आवडतो ना, मग घ्या.
पंधरा दिवसांत काच हिरवी,
मग पानांच्या कडांना काळी दाढी,
मग दोरे. टूथब्रशला गुंडाळून ओढले
की शेवयांसारखे येत, न तुटता, येतच राहत.

दिवसभर मी लॅबमध्ये पेशी मोजते.
पांढऱ्या वाढल्या, तर त्या आजार नसतात,
आजाराचा निरोप असतात.
हे रोज तीस जणांच्या रक्तात वाचते मी,
आणि घरी येऊन
शेवाळावर औषध ओतलं.

शेवाळ मेलं.
मेलेलं कुठं जाणार होतं?
तिथंच कुजलं, पाण्यातला श्वास पिऊन टाकला.
सकाळी सात गप्पी वर, पोटं आभाळाकडे.
आठवी कोपऱ्यात, पृष्ठभागाला तोंड लावून.

मोंढ्यामागं इलियासभाई मोटारी भरतात,
तांब्याच्या तारांमध्येच मासेही विकतात.
म्हणाले, खायला किती वेळा घालता?
दोनदा.
आणि ते खातात किती?
मी गप्प.
मग उरलेलं कोण खातं, मॅडम?
त्यांनी औषध दिलं नाही. साडेतीनशेचा टायमर दिला,
आणि कालव्यातली पाणवनस्पती, फुकट, ओल्या पेपरात.
ही अधाशी आहे, म्हणाले. पंगतीत ही आधी बसू द्या,
शेवाळाला उष्टंसुद्धा मिळायचं नाही.

तेव्हापासून चार ते दहा. सहा तास.
खाणं चिमूटभर, शनिवारी उपास.
रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलायचं.
इथंच खरी अडचण.
नळ दहाव्या दिवशी. बोअरचं पाणी असं,
की पातेल्याच्या तळाशी चुन्याचा पापुद्रा धरतो.
निम्मं हे, निम्मं ते,
पिंपात दोन दिवस उघडं ठेवून.

शेजारच्या प्रयागबाईंनी दारातून पाहिलं.
माणसाला पाणी न्हाई, अन् माशाला आंघोळ?
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.
पुढच्या रविवारी काढलेलं पाणी बादलीभर
त्यांच्या चमकुऱ्याला नेऊन ओतलं.
श्रावणात पानं सुपाएवढी झाली.
आता रविवारी त्याच हाक मारतात,
रिकामी बादली आपटत:
झालं का गं तुझ्या लेकरांचं?

मे महिन्यात मात्र सगळं गणित वितळतं.
टाकीत पारा चौतीस. बर्फाची बाटली सोडायची,
काचेवर ओला टॉवेल टाकायचा,
आणि लॅबमध्ये सुईखालचा हात धरून
घरच्या पंख्याचा विचार करायचा.
लाइट जाते तेव्हा टायमरही थांबतो.
तो बिचारा तिथून पुढं मोजतो,
त्याचे चार वाजतात तेव्हा
जगात काय वाजलेत, त्याला ठाऊक नसतं.

काल रात्री दोनला जाग आली.
खोलीभर हिरवा उजेड, भिंत हलतेय.
मासे जागे, बुचकळ्यात.
आठवी, आता म्हातारी, शेपटी विरलेली,
मागच्या काचेशी होती.
तिथं तळहाताएवढं शेवाळ मी राहू दिलंय.
ती ते टिपत होती, सावकाश,
कुणी जेवायला थांबलेलं नसावं तशी.

उठून बंद करायला हवं होतं.
पण लादीवर बसले, पाठीला गार लागलं, बरं वाटलं.
ती दमेपर्यंत थांबले.
मग चकती फिरवली, दहा तास,
खटखट, एकेक दात मोजून,
आणि अंधारात पाण्याचा आवाज
पुन्हा मोठा झाला.