तीन अक्षरांना एक ओबोल

थासोस बेटावर आम्ही थडग्यांचे दगड कोरायचो.
अक्षर म्हणे झिजत नाही.
छिन्नी झिजते, आणि ती विकत आणावी लागते.
म्हणून माझ्या मालकाचा, लाम्पोनचा, दर ठरलेला :
तीन अक्षरांना एक ओबोल.
उधारी नाही. मेलेल्यांना तर नाहीच.

जहाजवाल्या हेगेसांद्रोसचा मुलगा बापासाठी
चाळीस ओळी घेऊन आला.
त्यात सात पणजोबा होते, दोन वादळं, एक देव,
आणि बाप शोधावा लागत होता.
लाम्पोनने पैसे मोजून घेतले,
मला म्हणाला, कोर. वाचू नकोस, हात थांबेल.

त्याच दुपारी ख्रिसिस आली, लसूण विकणारी.
पदराच्या गाठीत तीन ओबोल.
म्हणजे नऊ अक्षरं.
ती सांगू लागली :
चांगला माणूस होता. जरा आळशी.
घोरायचा. भांडण झालं की बकरीशी बोलायचा.
पण दरवर्षी झाडाचं पहिलं अंजीर मला आणून द्यायचा,
स्वतः न चाखता.

लाम्पोनने बोटं मोजली.
'चांगला' काढ, म्हणाला, या टेकडीवर सगळे चांगलेच झोपलेत.
आळस काढला, घोरणं काढलं.
बकरी काढताना तिला थोडं हसू आलं.
'दरवर्षी' गेलं, झाड गेलं.
राहिलं :

*पहिलं अंजीर मला*

आणि नाव? मी मध्येच बोललो.
नाव मला पाठ आहे, ती म्हणाली.

आठच झाली, लाम्पोन म्हणाला, एक अक्षर उरतं. काय घालू?
राहू दे तुझ्याकडे.
माझ्या वेळी लागेल.

वाटेवरचे लोक तिथे थांबायचे.
खलाशी हसायचे, काही जण मग हसायचे थांबायचे.
चाळीस ओळींचा दगड पुढच्याच्या पुढच्या वर्षी
पालथा पडला तेलाच्या घाण्याखाली. सपाट होता, कामाला आला.

अकरा वर्षांनी तिची भाची आली.
मावशीचं एक अक्षर तुमच्याकडे शिल्लक आहे म्हणे.
लाम्पोनला तोवर दिसेनासं झालं होतं,
पण हिशेब लख्ख.
कुठलं? त्याने विचारलं.
तिने सांगितलं. मी टेकडीवर गेलो,
त्याच ओळीच्या शेवटी जागा होतीच,
जणू तिने आधीच धरून ठेवलेली :

*पहिलं अंजीर मला दे*

घरी येऊन लाम्पोनला वाचून दाखवलं.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, दर कमी लावला होता आपण.

तो गेला त्याला आता चार हिवाळे झाले.
त्याचा दगड दुकानातच उभा आहे, घासून, तयार.
मजकूर मी लिहितोय.
दोन ओळींवर आणलाय.
अजून लांब आहे.