तिसऱ्यात घाल

गाडी बुटकी आहे, हे मला मान्य आहे.
उद्यमबागेत कारखान्याच्या फाटकातून शिरताना
पुढचा बंपर दर खेपेला घासतो
आणि वॉचमन भरमाणी दर खेपेला
स्वतःचीच हनुवटी चोळतो.

जुनीच घेतली. लाल.
आधीचा मालक हुबळीचा दातांचा डॉक्टर,
त्यानं रुंद टायर घातले, सायलेन्सर बदलला,
मागच्या काचेवर कानडीत लिहून घेतलं :
तायिय आशीर्वाद.
कानडीत तायी म्हणजे आई.
मला घरात ताई म्हणतात.
ती अक्षरं मी खरवडली नाहीत.

मागच्या सीटवर तांदळाचं पोतं मावतं, माणूस नाही.
प्रत्येक खड्डा कंबरेला नावानिशी कळतो.
गावात लिटरला अकरा देते,
विचारणाऱ्यांना मी चौदा सांगते.

अडिवेप्पा बॉनेट उघडून कानडीत बोलतो,
मी मराठीत उत्तर देते,
बिलापाशी आलो की
दोघंही हिंदीत भांडतो.

कोगनोळी ओलांडून कोल्हापुरात गेलं
की नंबर बघून हॉर्न मारतात, कर्नाटकवाले!
धारवाडला पेट्रोल मागायला तोंड उघडलं
की पंपावरचा पोरगा विचारतो, महाराष्ट्रा?
गाडीला ह्यातलं काही नसतं.
डांबर बदललं एवढंच तिला कळतं,
तेही टायरांना.

आप्पा बसायलाच तयार नव्हते.
"ही गाडी न्हवं, चप्पल हाय."
एक्केचाळीस वर्षं लेथवर उभे राहिलेले,
कान यंत्रांनी खाल्लेले.
फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे
कुणास ठाऊक का, स्वेटर घालून
स्वतःच दारात येऊन थांबले.
आधी पाठ आत टेकवली,
मग दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून ठेवला,
चकमध्ये जॉब बसवावा तसा, अंदाज घेत.

पिरनवाडी, किणये,
कुसमळीच्या पुलावर धुकं
मलप्रभेइतकंच रुंद.
मी काही बोलले नाही, ओरडावं लागलं असतं.
कणकुंबीच्या पुढं रस्ता वळू लागला
आणि मला राहवेना.
दुसरा गिअर, काटा पाच हजाराकडं,
स्टिअरिंग हातात नव्या दोरीसारखं ताठ,
वळणातून बाहेर पडताना
पोटात ते जे होतं
ते मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.
(बेचाळिशीच्या बाईनं कसं सांगायचं?)

बघते तर आप्पांचा उजवा तळवा डॅशबोर्डवर.
तर्जनीचं टोक नाही त्या हाताला.
डोळे मिटलेले.
मला वाटलं, घाबरले.
"तिसऱ्यात घाल," म्हणाले,
"उगंच रडवतीयास तिला."
घातला.
घाट जरासा मोकळा झाला,
म्हणजे गाडीच झाली असणार.

पुढच्या दोन वळणांनी पुन्हा :
"डाव्या चाकाचं बेअरिंग. फुडचं.
महिनाभर वडील अजून."

चोर्ल्याला चहा पिताना त्यांनी किंमत विचारली.
सांगायला नको होती.
परतताना जांबोटीपर्यंत
खिडकीतूनच बघत बसले,
आणि घरी उतरताना
चप्पलच म्हणाले परत.

सोमवारी अडिवेप्पानं चाक काढलं,
फिरवलं, कान लावला, परत फिरवलं.
"यारू हेळिद्रु?"
तळहातानं सांगितलं, हे
तिन्ही भाषांत मला नीट सांगता येईना.

काढलेलं बेअरिंग
आप्पांनी मागून घेतलं.
रॉकेलनं धुतलं, जुन्या बनियननं पुसलं.
आता ते खिडकीत, औषधांच्या डब्याशेजारी असतं.
मी गाडी लावून आत येते तेव्हा कधी कधी
ते एका बोटानं त्याला फिरवत असतात
आणि थांबेपर्यंत
बोट काढत नाहीत.